समीक्षक हजर असले पाहिजेत: देशातल्या चित्रपट समीक्षकांच्या संघटनांना खुलं पत्र

प्रति,
चित्रपट समीक्षकांच्या राष्ट्रीय संघटनांचे पदाधिकारी आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. सिनेमाच्या धंद्याशी माझा काडीचा संबंध नाही. तिकीट काढायचं आणि बघायचं, एवढंच. तरीही दरवर्षी तुमच्या पुरस्कारांची बातमी आली की मी ती कापून ठेवते. ही सवय अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. आम्ही तेव्हा चरईत दोन खोल्यांत राहायचो. महिन्याला एक सिनेमा परवडायचा, तोही पगाराच्या आठवड्यात. पाच जणांची तिकिटं काढायची म्हणजे निवड चुकून चालायचं नाही. म्हणून अण्णा रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण दोनदा वाचायचे, एकदा मनाशी आणि एकदा स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं. मग ते कापून, घरी केलेल्या खळीनं वहीत चिकटवायचे. सिनेमा बघून आलो की ती वही पुन्हा निघायची. समासात शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात त्यांचा शेरा पडायचा. 'पटलं.' 'पटलं नाही.' एका पानावर तर 'हे मला दिसलंच नव्हतं, पुन्हा बघायला हवा' असं लिहिलेलं आहे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. 'पटकथा', 'संकलन', 'छायाप्रकाश' हे शब्द त्यांना समीक्षकांनी दिले. तलावपाळीवर शेंगा खात घरी येताना ते शब्द आम्हा भावंडांपर्यंत पोचायचे. ज्यांची परीक्षणं वाचत त्यांतल्या एकालाही अण्णा कधी भेटले नाहीत, पण त्यांच्याविषयी बोलताना आपल्या आळीतल्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायचे. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. त्याच हक्कानं हे पत्र लिहिते आहे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स' या संघटनेनं २०२४ सालचे पुरस्कार जाहीर केले. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार पायल कपाडिया यांना मिळाला. इंग्रजीखेरीज इतर भाषांतला सर्वोत्कृष्ट चित्रपटही त्यांचाच ठरला, 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. कान महोत्सवात मे २०२४ मध्ये त्याला ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला तेव्हा आनंद झालाच होता. पण समीक्षकांच्या या निवडीचं मला अधिक अप्रूप वाटलं. दिग्दर्शनाच्या पुरस्काराला भाषेची वेगळी रांग नसते. त्या वर्षी तिथे लागलेल्या सगळ्या सिनेमांमधून, त्यांच्या स्वतःच्या हॉलिवूडसकट, त्यांनी मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणाऱ्या मुंबईतल्या बायकांच्या गोष्टीकडे बोट दाखवलं.

आमच्या भागातला बावीस जणांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा शनिवारी आम्ही मिळून सिनेमा बघतो, कधी थिएटरात, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून. हा सिनेमा आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये, तो भारतभर लागला त्याच आठवड्यात, घोडबंदर रस्त्यावर जाऊन पाहिला. छाया कदम यांनी केलेली पार्वती त्यात आहे. इस्पितळात स्वयंपाकाचं काम करणारी विधवा बाई. राहती खोली बिल्डरच्या घशात जाते आहे, आणि तिच्यापाशी त्या खोलीचा एकही कागद नाही. शेवटी ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते. आमच्या नौपाड्यात सध्या जिकडे बघावं तिकडे पुनर्विकासाचे पत्रे लागलेले आहेत. गटातल्या एक बाई दोन वर्षांपासून भाड्याच्या घरात आहेत; त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेल्या जागेच्या कागदपत्रांवरून अजून वाद चालू आहे. पार्वती सामान बांधायला लागली तेव्हा त्यांनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या समीक्षकांना पडद्याखालच्या इंग्रजी तळओळी, म्हणजे सबटायटल्स, वाचून दिसलं. कागद नसणं म्हणजे काय, हे त्यांना मराठी येत नसतानाही कळलं. मग मला वाटलं, ही मंडळी कोण, निवडतात कशी, हे समजून घ्यावं. जे समजलं त्यामुळेच हे पत्र लिहायचं ठरवलं.

ही संघटना १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये, हॉलिस आल्पर्ट या समीक्षकाच्या घरी स्थापन झाली. तिथे समीक्षकांचं एक जुनं मंडळ होतं, पण त्यात मान होता दैनिकांत लिहिणाऱ्यांना. साप्ताहिकांत, मासिकांत लिहिणाऱ्यांना दार बंद. त्या बाहेर ठेवलेल्यांनी आपली वेगळी चूल मांडली. पॉलिन केल या त्यांच्यातल्याच. म्हणजे या संघटनेचा जन्मच 'आम्हाला का मोजत नाही' या प्रश्नातून झाला. पुढे त्यांच्या निवडींतही तेच दिसतं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून इंगमार बर्गमन यांच्या स्वीडिश सिनेमाचं नाव घेतलं. आपल्याकडे मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी सुरू झाली १९६८ साली, साधारण त्याच काळात. तिच्या 'रूपवाणी' या नियतकालिकातून लिहिणारी माणसंही मोठ्या दैनिकांच्या बाहेरची होती, आणि मराठी वाचकाला जगाचा सिनेमा त्यांनीच समजावून दिला.

त्यांची मतदानाची रीत मी दोनदा वाचली. आधी नामांकनं जाहीर करायची पद्धतच नाही. प्रत्येक सदस्य प्रत्येक विभागात तीन नावं लिहितो. पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. पण नुसते गुण जास्त असून भागत नाही, निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर ते नाव असावं लागतं. तसं झालं नाही तर दुसरी फेरी. आणि दुसऱ्या फेरीपासून, ज्यांनी स्वतः न येता फक्त मत पाठवलं आहे त्यांचं मत धरत नाहीत. कौल लागेपर्यंत फेऱ्या चालू राहतात. शेवटी विजेत्याबरोबर दुसरा कोण, तिसरा कोण आणि कुणाला किती गुण, हे सगळं जाहीर होतं.

यातल्या एका नियमानं मला थांबवलं. जो हजर नाही, त्याचं मत पुढे मोजायचं नाही. शाळेत एकतीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतली आहे. हजेरीपटावरचं नाव आणि वर्गात बसलेलं मूल यांतला फरक मला ठाऊक आहे. तुमच्याकडे माझं सगळं मागणं हजेरीचंच आहे.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. एका पावसाळ्यात एक छोटा मराठी सिनेमा लागला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची नव्हती. ठाण्यात त्याला दोन खेळ मिळाले होते, एक दुपारी बारा वीसचा, दुसरा रात्री पावणेअकराचा. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला रोज एक खेळ द्यायचा नियम केला. आधी संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ होती. मग ओरडा झाला आणि ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. बारा वीस त्या नियमात बसतं. पण गुरुवारी बारा वीसला कोण मोकळं असतं? आम्हा निवृत्तांसारखे, बाकी कुणी नाही. आमच्या गटातल्या नोकरदारांसाठी रविवार ठरवला, तर रविवारी सकाळी कळलं की तो खेळ काढून तिथे एका मोठ्या हिंदी सिनेमाचा जादा खेळ लावला आहे. सोमवारी आम्ही सात जणी दोन रिक्षा करून गेलो. खिडकीवरचा मुलगा चांगला होता, त्यालाही वाईट वाटत होतं. म्हणाला, ऑनलाइन बुकिंग शून्य दिसलं म्हणून खेळ रद्द केला आहे. आम्ही सात जणी पैसे हातात घेऊन तिथे उभ्या होतो. त्याच्या यंत्रात आम्ही नव्हतो. बुधवारी सिनेमा ठाण्यातून गेला.

त्या सिनेमाचं परीक्षण मी शोधत होते. मला सापडलेलं एकमेव परीक्षण त्याच्या पुढच्या रविवारी आलं, आणि छान होतं. चार रकाने, जाणकारीनं लिहिलेले. अण्णांच्या वहीत शोभलं असतं. पण ते आलं तेव्हा सिनेमा कुठेच नव्हता. पुढे काही महिन्यांनी एका पुरस्काराच्या यादीत त्याच सिनेमाचं नाव वाचलं आणि मला आनंदाऐवजी हळहळ वाटली. शेजारच्या मुलीनं विचारलं, 'काकू, कुठे बघायला मिळेल?' मी दोन दिवस शोधलं. कुठल्याही ओटीटीवर तो नव्हता.

आता माझा मुद्दा. तुम्हाला हा सिनेमा आमच्या आधी दिसतो. निर्माते बुधवारी, गुरुवारी अंधेरीत नाहीतर जुहूला प्रेस शो ठेवतात. म्हणजे शुक्रवारची सकाळ उजाडते तेव्हा त्या सिनेमात काय आहे हे बनवणाऱ्यांच्या बाहेर फक्त तुम्हाला माहीत असतं. जाहिरातीला पैसा नसलेल्या मराठी सिनेमाचं नशीब शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरतं. सोमवारी खेळ कापले जातात. त्या तीन दिवसांत तुमचा शब्द त्याच्या बाजूनं पडला, तर बारा वीसच्या खेळाला वीस माणसं येतील. वीस माणसं आली तर मंगळवारचा खेळ राहील. वर्षाअखेर दिलेला पुरस्कार तो खेळ परत आणू शकत नाही.

मोठ्या निर्मात्यांना नेमकी उलट भीती वाटते. तमिळ निर्मात्यांची संघटना २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. सिनेमा लागल्यानंतरचे पहिले तीन दिवस परीक्षणांना बंदी घाला, अशी मागणी होती. न्यायालयानं ती मानली नाही. मत मांडायचा हक्क मोठा ठरवला. मला त्या निर्मात्यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. पहिल्या तीन दिवसांत समीक्षकाच्या शब्दाला किती वजन आहे, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुम्हाला ते माहीत आहे का, अशी शंका मला कधी कधी येते. सात तिकिटांसाठी उभी राहिलेली बाई म्हणून येते.

म्हणून पहिलं मागणं. वर्षाच्या पुरस्कारांइतकाच जीव शुक्रवारात घाला. तुमच्या संघटनेच्या नावानं, त्या आठवड्यात लागलेल्या एका छोट्या सिनेमाविषयी, शुक्रवारी सकाळी चार ओळी निघू द्या. तारे नकोत, गुण नकोत. ज्या सदस्यांनी तो पाहिला आहे त्यांची नावं खाली असू देत, मराठीत, तमिळमध्ये, ज्याची त्याची भाषा असेल तिच्यात. सिनेमा उत्तम नसला तरी चालेल. 'यातला बापलेकाचा प्रसंग बघायला जा' एवढं लिहिलं तरी आमच्यासारख्यांना रिक्षा करायला तेवढं कारण पुरतं. अण्णांना तेवढंच लागायचं.

दुसरं मागणंही त्या अमेरिकन संघटनेकडूनच सुचलं. त्यांच्या पुरस्कारांत एक विशेष उल्लेख असतो, अमेरिकेत वितरक न मिळालेल्या सिनेमासाठी. कुणी लावायला तयार नाही, पण आम्ही पाहिला आहे आणि तो चांगला आहे, असं ते जाहीर सांगतात. मला ही कल्पना फार आवडली. पुरस्कार म्हणजे झालेल्या गोष्टीची पोचपावती असंच आपण धरून चालतो. हा उल्लेख व्हायच्या राहिलेल्या गोष्टीसाठी असतो. थिएटरवाल्याला, वितरकाला, ओटीटीवाल्याला उद्देशून तो बोललेला असतो. आपल्याकडे याची गरज तिथल्यापेक्षा जास्त आहे. महोत्सवांत टाळ्या घेतलेले, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेले आणि तरीही डब्यात बसलेले किती मराठी सिनेमे असतील! 'पडदा न मिळालेल्या चित्रपटासाठी' असा एक उल्लेख तुम्ही सुरू करा, आणि तो वर्षातून एकदा नको, दर तीन महिन्यांनी करा. वर्ष सरेपर्यंत कर्जाचं व्याज वाढतं आणि माणसं दुसऱ्या कामाला लागतात.

दुरून येणाऱ्या शाबासकीची मला खंत नाही, अभिमान आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांच्या फिप्रेसी संघटनेचाही. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या मुलाची ती मराठी गोष्ट. आम्हाला ती पुढच्या वर्षी थेट नेटफ्लिक्सवर, घरच्या टीव्हीवर भेटली. करोनाचे दिवस होते, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण तो तानपुरा मोठ्या पडद्यावर, भरल्या थिएटरात ऐकायचा राहून गेला याची रुखरुख आमच्यातल्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंना अजून आहे. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आपल्या थिएटरात तो सप्टेंबरमध्ये आला. गावाकडची, दहा दिवसांच्या सुतकातली गोष्ट आधी अमेरिकेतल्या बर्फात बसलेल्या लोकांनी पाहिली, मग आम्ही. मधल्या महिन्यांत इथल्या समीक्षकांनी मराठीत त्याच्याविषयी जितकं लिहायला हवं होतं तितकं माझ्या वाचनात आलं नाही.

भाषेचं बोलले, म्हणून थोडं आणखी. २०१८ मध्ये 'फिल्म क्रिटिक्स गिल्ड' ही देशातल्या समीक्षकांची संघटना स्थापन झाली आणि २०१९ च्या पहिल्या चित्रपट पुरस्कारांत हिंदीबरोबर मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड अशा आठ भाषांचा विचार झाला. ही बातमी मी कापून ठेवली आहे. देशपातळीवरच्या पुरस्कारात मराठीला स्वतःचं पान मिळालं, याचं मोल मला शिक्षिका म्हणून कळतं. पण देशाच्या संघटनेनं एका भाषेतला सिनेमा निवडायचा, तर ती भाषा कानानं ओळखणारी किती माणसं त्या टेबलाभोवती होती, हे कळलं पाहिजे. 'ऑल वी इमॅजिन'मधली पार्वती कधी मराठीत बोलते आणि कधी हिंदीत, आणि का, हे तळओळींत उतरत नाही. मालवणी, वऱ्हाडी, आगरी, अहिराणी यांतला फरक तर त्याहून नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यातच आगरी बोलणारी लाखो माणसं आहेत आणि पडद्यावर त्यांची भाषा अजून बहुतेक वेळा हसवण्यापुरती येते. हे ज्याला खटकतं असा एक तरी समीक्षक तुमच्यात असेल, तर निवडीत फरक पडेल. कोल्हापूर, नागपूर, जळगाव इथे मन लावून लिहिणारी तरुण माणसं आहेत. छोट्या नियतकालिकांत, आपल्या यूट्यूब वाहिनीवर, फिल्म सोसायटीच्या पत्रकांत. १९६६ मध्ये त्या घरात जमलेल्यांना दैनिकवाल्यांनी बाहेर ठेवलं होतं. आज आपल्याकडे बाहेर कोण आहे, याची यादी तुम्हीच करावी.

मतदानाविषयी माझं म्हणणं थोडक्यात. आम्हा प्रेक्षकांच्या हाती लागते ती विजेत्यांची यादी आणि समारंभाचे फोटो. कोण दुसरं आलं, किती गुणांनी मागे राहिलं, किती सदस्यांनी तो सिनेमा पाहिला होता, हेही ठळकपणे सांगत जा. तिसऱ्या क्रमांकावरचा मराठी सिनेमाही आमच्यासाठी मोठी खबर असते. पुढच्या शनिवारी आम्ही तोच लावू. आणि विजेत्याच्या नावाखाली का निवडलं याचा एक परिच्छेद द्या. वर्गात मी नुसते गुण दिले असते तर मुलांनी विचारलं असतं, बाई, माझं कुठे चुकलं आणि कुठे बरोबर आलं? त्यांना तो हक्क होता.

एक गोष्ट लिहू की नको असं करत शेवटी लिहिते आहे. जाहिरातींत आता पाच तारे, साडेचार तारे छापलेले असतात, आणि ते कुणी दिले हे भिंग घेऊन वाचावं लागतं. पैसे घेऊन चांगलं लिहिणारे आहेत, असं सगळेच बोलतात. तुम्ही त्यांच्यातले नाही, अशी माझी श्रद्धा आहे. पण सामान्य माणसाला फरक कसा कळणार? संघटनेनं आपल्या सदस्यांसाठी चार ओळींची जाहीर शपथ ठेवावी. निर्मात्याकडून मानधन घेतलं असेल, सिनेमाच्या प्रसिद्धीत काम केलं असेल, दिग्दर्शक घरचा असेल, तर ते परीक्षणाच्या वर लिहावं आणि त्या वर्षी त्या विभागात मत देऊ नये. एवढं केलंत तरी तुमच्या नावाला पुन्हा वजन येईल. अण्णांच्या वहीतल्या नावांना होतं तसं.

आता शेवटचं, आणि हे मागणं नसून आमंत्रण आहे.

पुरस्कारांचा सोहळा तुम्ही करा, जरूर करा. कलाकारांना त्या रात्रीचा आनंद मिळायला हवा. पण ज्या मराठी सिनेमाला तुम्ही निवडाल, त्याचा एक खेळ ठाण्यात करा. आमचं शहर नाटकाला रांगा लावणारं शहर आहे. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर उभं राहून लोक नाटकाविषयी तासन् तास बोलतात. सिनेमाविषयी तसं बोलायची जागा आम्हाला उरलेली नाही. मल्टिप्लेक्समध्ये दिवे लागले की झाडूवाला आत येतो. १८९३ पासून चालत आलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आमच्या गावात आहे, म्हणजे वाचणाऱ्यांची इथे वानवा नाही. सिनेमा दाखवा आणि तो निवडणारे दोन समीक्षक पुढे येऊन बसा. आम्ही विचारू, का निवडलात? तुम्ही सांगा. कुणी म्हणेल, मला नाही पटलं. त्यांचंही ऐका. आमच्यातल्या पुनर्विकासवाल्या बाई पार्वतीविषयी जे बोलल्या ते मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. बोलायला बोलावलं तर अशी माणसं बोलतात.

मोठा हॉल परवडत नसेल तर आमच्या सोसायटीचा आहे. साठ खुर्च्या आहेत, आणखी वीस शेजारच्या इमारतीतून येतात. प्रोजेक्टर आहे, पडद्यासाठी भिंत गेल्या वर्षीच पांढरी करून घेतली. चहा आम्ही करू. अण्णांची वही मी टेबलावर ठेवीन, तिच्यात शेवटची अकरा पानं कोरी आहेत. फक्त आठवडाभर आधी कळवा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना खुर्चीवरून खाली आणावं लागतं आणि त्यासाठी चार मुलं आधी सांगून ठेवावी लागतात. सिनेमा म्हटला की ते नाही म्हणत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शनिवारच्या गटातली एक प्रेक्षक
नौपाडा, ठाणे